दोनदा भाजलेले चाक

माणसाच्या सगळ्या भावनांमध्ये सूड ही सर्वांत शुद्ध भावना आहे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. प्रेमात अपेक्षा असते, दयेत थोडा गर्व असतो आणि भक्तीत तर बहुतेक वेळा मागणीच असते. सुडात यातले काही नसते. सूड घेणारा माणूस सुखाचा विचार करत नाही, विश्रांतीचा करत नाही, तब्येतीचा करत नाही. हा निष्कर्ष मी ज्यांना पाहून काढला ते इब्राहिम मुकादम सुडाच्या काळात रोज पहाटे उठून बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत जात आणि त्यामुळे त्यांची साखर आटोक्यात आली होती, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

आमचे गाव मुरूडहून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गाव संपता संपता डाव्या हाताला इब्राहिमचाचांची पत्र्याची शेड होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की चाचा होड्या रंगवत. बाकीचे आठ महिने गाड्यांची चाके. आमच्याकडची हवा खारी. मुंबईहून चकचकीत आलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकाला इथे दोन वर्षांत पांढरे फोड येतात. ते घासून, खालचा धातू उघडा करून, पुन्हा रंग द्यायचे काम चाचा करत. त्याआधी अकरा वर्षे ते कतारला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे काय करत होते ते कोणी विचारले नाही आणि न विचारलेले सांगायची त्यांना सवय नव्हती.

चाक आले की आधी ते दोरीने आढ्याला टांगायचे. मग लाकडी हातोडीने एक हलका ठोका मारून कान जवळ न्यायचा. चांगले चाक घंटेसारखे वाजते, पण केसाएवढी जरी चीर असली तरी त्याचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा बसका येतो. तसा आवाज आला की चाचा चाक उतरवून मालकाच्या पायाशी ठेवत. एकदा पुण्याचे एक गृहस्थ हट्टाला पेटले.

"काका, चीर वगैरे मला बघायचीच नाहीये. तुम्ही नुसता रंग मारा."

"मयताला मेकप करनारे दुसरे असतात," चाचा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

चाक आवळायच्या नटांच्या भोकांबद्दल त्यांचा कटाक्ष याहून जास्त. भेंडीच्या झाडाच्या लाकडाचे पाच निमुळते खुंट त्यांनी स्वतः तासून ठेवले होते. रंग मारण्याआधी ते खुंट नटांच्या भोकांत ठोकायचे, म्हणजे नट जिथे बसतो तिथे रंगाचा थेंब जात नाही. "नट धातूला धरतो, मास्तर. मधी रंग आला की तो रंगाला धरतो. रंग चेपला की नट ढिला." मी शाळेत इतिहास शिकवत होतो. नट कशाला धरतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

आता त्यांच्या दुसऱ्या गुणाकडे येतो. चाचांना आयुष्यातला प्रत्येक अपमान हवामानासकट आठवत असे. ओळख झाल्यावर चौदा वर्षांनी एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "त्या दिशी वारा दक्षिनेचा होता. मी तुमाला सलाम केला, तुमी मान हलवली न्हाय."

मी गडबडून माफी मागितली.

"माफी कसली? मी तेवाच फेडून घेतलं. तुमच्या सायकलीला दोन हात रंग सांगितलेला. एकच मारला."

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर एका कारकुनाने त्यांच्या तोंडावर खिडकी लावली, ती जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. चाचांची बहीण दिघीला दिलेली. खाडी ओलांडली की अर्ध्या तासात तिचे घर. त्या दिवसापासून चाचा बहिणीकडे एसटीने, तळा गावावरून, अख्ख्या खाडीला वळसा घालून जाऊ लागले. कधी दोन गाड्या बदलायच्या, कधी तीन. असे नऊ वर्षे. तो कारकून महिन्याभरातच बदलून गेला होता. मी हे त्यांच्या कानावर घातले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मानूस गेला. खिडकी तीच हाय."

अशा माणसाच्या वाटेला जाण्याआधी कोणीही विचार केला असता. जयवंतशेठांना विचार करायची सवय नव्हती. त्यांना भाषण करायची सवय होती.

जयवंतशेठ म्हणजे आमच्या गावचे कार्यसम्राट. वडिलोपार्जित बेकरी, त्यांचा स्वतःचा बर्फाचा कारखाना, एक लॉज आणि तीन समित्यांचे अध्यक्षपद. त्यांच्या लेटरहेडवर पदव्या इतक्या होत्या की मजकूर पाठपोट लिहावा लागे. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण जे बोलतो ते आपल्याला माहीत असलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत नव्हती. बेकरीत नवी भट्टी आली तेव्हा जुनी विजेची भट्टी रिकामी पडली, आणि त्याच सुमाराला त्यांच्या पुण्याच्या भाच्याने त्यांना पावडर कोटिंगबद्दल सांगितले. यात रंग पातळ नसतो. रंगाची कोरडी पूड विजेच्या जोरावर चाकाला चिकटवतात आणि मग चाक भट्टीत भाजतात. पूड वितळते, पसरते आणि तिची टणक साल तयार होते. साधा रंग हवेवर वाळतो, पावडर भाजावी लागते. भाजायचे म्हटल्यावर शेठना जुनी भट्टी आठवली आणि भट्टीपाठोपाठ गणू आठवला. गणू तीस वर्षे त्या भट्टीवर पाव भाजत होता.

शेठच्या पावडर कोटिंग केंद्राच्या उद्घाटनाला मांडव, बँड आणि फुकट वडापाव होता. गावातल्या प्रत्येक सत्काराचे सूत्रसंचालन मास्तर म्हणून माझ्याकडे येते, तसे तेही आले. "रंग हा इतिहास आहे," शेठ म्हणाले, "पावडर हे भविष्य आहे." इतिहास शिकवणाऱ्या मी माइकच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या. चाचा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. त्यांनी भट्टीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "शेठ, ह्याला काटा कुठाय?"

"कसला काटा?"

"आत गरमी किती झाली ते दाखवनारा."

शेठनी माइक तोंडाजवळ घेतला. "चाचा, आमच्या तीन पिढ्यांनी पाव भाजले. कधी कच्चा लागला का तुम्हाला?"

मांडव हसला. गणूने प्रात्यक्षिकही दिले. भट्टीत चिमूटभर पीठ टाकले आणि मोजायला लागला. दहा आकड्यांच्या आत पीठ लाल झाले म्हणजे भट्टी पुरेशी तापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाव बिघडला तर लोक शिव्या देतात," चाचा म्हणाले. "चाक बिघडलं तर शिव्या द्यायला लोक उरत न्हाईत."

"चाचांना धंद्याची काळजी पडली!" शेठ म्हणाले. मांडव आणखी मोठ्याने हसला.

घरी परतताना चाचा माझ्यासोबत होते. पावडर खरोखरच धोक्याची असते का, असे मी विचारले. माझ्या गाडीचीही चाके रंगवायला आली होती.

"पावडर वाईट न्हाय, मास्तर. मी कतारला अकरा वर्षं तेच केलं. रंगापेक्षा जास्त टिकते. खारी हवा सोसते, दगडाचा मार सोसते. पन तिथं भट्टीला काटा होता, घड्याळ होतं आनि एक फिलिपिनो होता, तो दोन डिग्री वर गेली तरी बोंबलायचा. कारखान्यात चाक ओतल्यावर त्याला मापात तापवून कडक केलेलं असतं. त्या मापाच्या वर नेलं, जास्त वेळ ठेवलं, तर ते नरम पडतं. बाहेरून कळत न्हाय." थोडे चालून ते थांबले. "रंगारी चुकला तर चाक वाईट दिसतं. भट्टीवाला चुकला तरी चाक चांगलंच दिसतं. एवढाच फरक."

हे वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवायला हवे होते. पुढे पाव आणायला बेकरीत गेलो असताना सहज म्हणून गणूला विचारले, काम कसे चालले आहे.

"एक नंबर! खास गिऱ्हाइकाला तर आपन दोनदा भाजून देतो."

"दोनदा कशाला?"

"सर, टोस्ट कसा करतात? पाव एकदा भाजला की मऊ. तोच कापून परत भाजला की कडक. चाक पन तसंच."

हे मी चाचांना सांगितले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला वाटले दुवा मागत असावेत. ते फक्त म्हणाले, "ॲल्युमिनियम म्हंजे टोस्ट न्हाय."

आणि मग अनंताचा अपघात झाला. अनंता हा कोळीवाड्यातला तरुण ड्रायव्हर. सकाळी शेठच्या बेकरीचा पाव गावोगाव पोचवायचा आणि मग धक्क्यावर पर्यटकांची भाडी मारायची, असा त्याचा दिवस. धक्क्याच्या उतारावर त्याच्या गाडीचे पुढचे उजवे चाक निखळले. गाडी भिंतीवर आदळली. गाडीत दुसरे कोणी नव्हते. अनंताचा पाय दोन ठिकाणी मोडला.

त्या गाडीची चारही चाके वर्षभरापूर्वी चाचांनी रंगवली होती. हे सगळ्या गावाला माहीत होते. गावाला एक गोष्ट माहीत नव्हती. पुढचे उजवे चाक मध्यंतरी दगडाला घासले होते आणि बेकरीचा माणूस म्हणून अनंताने ते शेठकडच्या केंद्रात पुन्हा करून घेतले होते. रंग काय आणि पावडर काय, पूर्ण झाल्यावर दोन्ही काळेच दिसतात.

चाचा अपघाताच्या जागी गेले, चाकाशी बसले, नटांच्या भोकांतून बोट फिरवले आणि त्यांना कळले. भोकांत काळी जाड साल होती आणि ती चेपून चिरडली होती. तिथे त्यांच्या हातून कधी रंग गेलाच नसता. ते तसेच हॉस्पिटलात अनंताकडे गेले. मी बरोबर होतो.

"अनंता, हे चाक कुनी केलं?"

अनंताने भिंतीकडे तोंड केले. "चाचा," तो म्हणाला, "मला उद्या पाव पोचवायचा असतो."

पाय टांगलेल्या माणसाला उद्या पाव पोचवायचा नव्हता. पण चाचांनी पुन्हा विचारले नाही.

आठवड्याभराने शाळेच्या मैदानावर वाहतूक सुरक्षेचा कार्यक्रम झाला. अध्यक्ष जयवंतशेठ. स्टेजवर ते चाक ठेवले होते आणि त्याला झेंडूचा हार होता. शेठ म्हणाले, "हे बघा रंगाचे चाक! याने आमच्या अनंताचा पाय घेतला. मी कोणाचे नाव घेणार नाही. पण मुकादमांनी आता तरी विश्रांती घ्यावी." हे शेठ मनापासून बोलत होते, हे मला सांगितले पाहिजे. आपल्या केंद्रात काय येते आणि काय जाते ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. चाक म्हणजे त्यांच्या लेखी हार घालायची वस्तू. कार्यक्रम संपल्यावर ते चाक केंद्राच्या गेटावर टांगले गेले, खाली पाटी: 'रंगाचा बळी'.

चाचा शेवटच्या रांगेत उभे होते. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आले.

"खुर्च्या किती होत्या?"

"चारशे."

"शंभर उभे. पाचशे धरू."

एवढेच बोलून ते गेले. त्यानंतर त्यांच्या शेडमध्ये चाके येईनाशी झाली. होड्यासुद्धा कमी झाल्या, कारण ज्याने चाक पाडले तो होडीही बुडवील, असे लोकांना वाटू लागले. मशिदीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, असे ते म्हणत. ते खरे होते की त्यांना तसे दिसत होते, मला ठाऊक नाही. नाव एवढीच त्यांची मिळकत होती आणि ती गेली होती.

मी म्हटले, चाचा, तुम्हाला खरे माहीत आहे. चला, पंचायतीत जाऊ. मी अर्ज लिहितो.

"पंचायतीत किती जन असतात?"

"नऊ."

"पाचशे जनांत गेलेली इज्जत नऊ जनांत परत घेऊ?"

त्यांनी वाट पाहायला सुरुवात केली. अडीच वर्षे पाहिली. आणि त्या अडीच वर्षांत त्यांनी जे केले, तसे करताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेले नाही.

रोज पहिल्या बोटीआधी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. चाचा पान्हा घेऊन त्या रांगेत हिंडू लागले. शेठच्या केंद्रात केलेले चाक त्यांना भोकांतल्या चमकेवरून लांबूनच कळे. ते खाली बसत, एकेक नट आवळत आणि पुढच्या गाडीकडे जात. ड्रायव्हरांना वाटे हा धक्क्याचाच माणूस. कोणी चहा देई. एकाने विचारले, "चाचा, ड्युटी कुनाची?"

"सरकारी," चाचा म्हणाले.

पण नरम पडलेल्या चाकाला पान्हा काय करणार? एका मोठ्या गाडीच्या चाकावर ठोका मारला तर आवाज बसका आला. चाचांनी मालकाला सांगितले, ही गाडी पुढे नेऊ नका. मालक काच खाली करून म्हणाला, "नवं कोटिंग आहे हो. गॅरंटी आहे." चाचा बरं म्हणाले, पलीकडे गेले आणि त्या चाकाची सगळी हवा सोडून दिली. मालकाने शिव्या घालत स्टेपनी चढवली. काढलेले चाक मेकॅनिककडे गेले, त्याला आतल्या अंगाला बोटभर चीर सापडली. मालकाला वाटले, चिरेतूनच हवा गेली.

 सुडाला चाचांनी सेवेत बदलले, असे काहीतरी मी म्हणालो. मास्तरकीची खोड. चाचांनी पान्हा खिशात घातला.

"सेवा कसली? दुसरा कोनी पडला तर पोलीस येतील. पेपरात येईल. भट्टीला सील लागंल. मग शेठ सांगत फिरनार, सरकारनं अन्याय केला. लोक त्यालाच हार घालतील. माझ्या हातात काय उरलं? मला तो आपल्या हातानं पडायला पायजे. तवर कुनी मरायचं न्हाय."

"म्हणजे माणसे वाचतात ती..."

"वाचतात ती वाचू दे. त्यात माझा काय दोष?"

सुडाच्या वेळेची वाट पाहणारा माणूस मला त्या दिवशी प्रथमच नीट दिसला, आणि थोडी भीतीही वाटली. ज्यांचा त्यांना राग नव्हता अशा शेकडो लोकांचे जीव ते एका माणसाच्या फजितीसाठी राखून ठेवत होते.

अखेर शेठना 'उद्योगरत्न' पुरस्कार जाहीर झाला. तो देणाऱ्या संस्थेचे आश्रयदाते शेठच होते. तेच मैदान, तेच स्टेज, सूत्रसंचालक मी. आदल्या दुपारी चाचा घरी आले.

"खुर्च्या किती?"

"सहाशे."

चाचांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान पाहिले. "शंभर व्याज," ते म्हणाले. "मला दोन मिनिटं माइक द्या. सत्काराचे दोन शब्द बोलीन."

मला काही कळले नाही असे मी म्हणू शकत नाही. सर्वांना बोलू देणे हेच सूत्रसंचालकाचे काम, असे मी स्वतःला सांगितले.

इथे शेठच्या आवडत्या प्रयोगाबद्दल सांगायला हवे. प्रत्येक कार्यक्रमात ते दोन चाके मांडत, एक रंगाचे, एक पावडरचे. पांढऱ्या फडक्यावर थिनर ओतून रंगाचे चाक पुसले की रंग सुटून फडके काळे होई. पावडरचे पुसले तर फडके पांढरेच. टाळ्या. हा प्रयोग चाचांनी सतरा वेळा पाहिला होता, दर वेळी शेवटच्या रांगेतून.

सत्कार झाला, शाल झाली, श्रीफळ झाले. मी चाचांचे नाव पुकारले. मैदानात कुजबूज झाली. चाचा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवर आले.

"शेठ जिंकले," ते म्हणाले. "मी हरलो. म्हातारा झालो, आता भांडायचं न्हाय. एकच मागनं हाय. ज्यानं अनंताचा पाय मोडला ते चाक तुमच्या गेटावर हाय. त्याच्यावरचा माझा रंग तुमच्या हातानं पुसा. सगळ्यांसमोर. तो निघाला की मी उद्यापासून शेड बंद करतो."

बायकांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसले. शेठनी डोक्यावरचा फेटा सरळ केला. शत्रूच्या शरणागतीसारखा मोठा सत्कार नसतो. "आणा रे ते चाक!" ते म्हणाले. गणू आणि दुसरा एक कामगार चाक घेऊन आले. कोरा करकरीत नॅपकिन आला. फोटोग्राफर पुढे सरसावले. शेठनी थिनर ओतला, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि चाक पुसले.

नॅपकिन पांढरा.

शेठनी पुन्हा पुसले. पांढरा. "थिनर उडाला असेल," ते म्हणाले. नवा डबा फोडला. वासाने पुढच्या रांगेला ठसका लागला. शेठनी शाल बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी घासायला लागले.

"घासा शेठ," चाचा माइकवर अगदी मायेने म्हणाले. "माझा रंग हाय तो. निघालाच पायजे."

मागून कोणीतरी ओरडले, "जोर लावा की, शेठ!" हसण्याची पहिली लाट आली. शेठचा फेटा कलला. ते गुडघ्यावर बसले. चाचा वाकून पाहत आणि सांगत, "हितं ऱ्हायलं. हां, भोकात घासा. भोकात माझा हात बरा चालतो." मी घड्याळाकडे पाहिले नाही, पण त्या वेळात आमच्या प्रमुख पाहुण्यांनी दोनदा पाणी मागितले. कार्यक्रम आवरता घेणे हे माझे काम होते. मी ते केले नाही. मी पाहत होतो. मला मजा येत होती, हेही लिहून ठेवतो.

शेवटी गणूला मालकाची दमछाक बघवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "शेठ, नका दमू. न्हाय निघायचा तो. आपलाच हाय. अनंताचा. दोनदा भाजलेला."

माइक चालू होता.

सहाशे खुर्च्यांनी ते ऐकले. मग मध्येच काठी टेकत अनंता उभा राहिला. "व्हय," तो म्हणाला. "पुढचं उजवं चाक शेठकडंच केलेलं. चाचांनी न्हाय." आणि बसला. शेठ गुडघ्यावरच होते. त्यांनी गणूकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, आणि माझी खात्री आहे की त्या क्षणापर्यंत त्यांना खरेच काही ठाऊक नव्हते. चाचांनी माइक माझ्या हातात दिला.

"एवढंच," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

इथे थांबलो असतो तर चाचांचे चित्र त्यांना आवडले असते. पण जयवंतशेठ पडून राहणारे गृहस्थ नव्हते. महिन्याभरात त्यांनी पुण्याहून काट्याची आणि घड्याळाची नवी भट्टी आणली, भोकांत घालायची रबरी बुचे आणली, शिकलेला माणूस ठेवला, जुन्या गिऱ्हाइकांची सगळी चाके बोलावून तपासली, चिरलेली बाद केली. गणू बेकरीत परत गेला. मग केंद्राचे दुसऱ्यांदा उद्घाटन झाले, बँडसकट. फीत कापायला त्यांनी चाचांना बोलावले आणि गावाने चाचांना जायला लावले. फीत कापून चाचा आत गेले ते दोन तास बाहेर आले नाहीत. काटा पाहिला, घड्याळ पाहिले, बुचे एकेक करून ओढून पाहिली. एकही चूक सापडली नाही. घरी आले आणि तीन दिवस तापाने पडले.

त्यानंतर धक्क्यावरच्या रांगेत आवळायला नट उरले नाहीत. गावाने चाचांची मनापासून माफी मागितली, पुन्हा सलाम सुरू झाले, मशिदीतली जागा भरली. चाके मात्र शेडकडे फिरकली नाहीत. ती केंद्रात जात होती. तिथले काम आता निर्धोक होते आणि ते तसे कोणामुळे झाले हेही सर्वांना माहीत होते.

शेडवर मी चाचांना शेवटचे पाहिले ते दारात, उलट्या पिंपावर बसलेले. आम्ही दोघे चहा पीत होतो. अनंताची गाडी समोरून आली. त्याने हॉर्न दिला, काचेतून हात बाहेर काढून मोठ्या प्रेमाने "सलाम चाचा!" म्हणाला, आणि पुढे जाऊन केंद्राच्या गेटात वळला. चारही चाके करायला टाकायची होती. चाचा गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. त्यांच्या मनात काय आले ते मला कळले नाही. वारा कुठून होता ते मी मुद्दाम लक्षात ठेवले नाही. चार महिन्यांनी ते गेले.

त्यांच्या दफनाहून परतताना मी अनंताला गाठले. म्हटले, "अरे, तुझा पाय मोडला तो तिथल्या चाकाने. त्या माणसाने अडीच वर्षे दात धरून खरे बाहेर काढले. आणि तू चाके घेऊन तिकडेच गेलास?"

अनंता ओशाळला. लंगडत माझ्याबरोबर चालू लागला.

"काय करनार, सर," तो म्हणाला. "तिथं गाडी सावलीत लागते."